पाठमोरं वाक्य

रुखसारला स्टुडिओत सगळे 'का-बाई' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागून तर म्हणायचेच. आता ह्यात तिचा दोष किती आणि पिक्चर काढणाऱ्यांचा किती, ते तुम्हीच ठरवा. दक्षिणेकडच्या मारामारीच्या पिक्चरांना मराठी बोलायला लावणं हे तिचं काम. सकाळी दहाला कानाला हेडफोन लावून बसायचं, पडद्यावरचा माणूस तोंड किती उघडतो, कधी मिटतो ते बघायचं आणि त्या तोंडात नेमकं बसेल असं वाक्य लिहायचं. हे करता करता बाईला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती ते गिळायची नाही. गुंड चौदा आहेत, तर एकेक करून का येतात? उरलेले तेरा रेशनच्या दुकानात नंबर लावल्यासारखे मागे उभे राहून नुसते हात का हलवतात? खलनायकाच्या हातात पिस्तूल आहे, समोर हीरो रिकाम्या हातांनी उभा आहे, मग हा शहाणा पिस्तूल फेकून अंगातला कोट का काढतो? हीरोच्या आईला पळवून आणलंच आहे, तर जे बटण दाबलं की अख्खा कारखाना उडतो त्याच्या शेजारीच तिला का बांधतात?

असले प्रश्न ती एका वहीत लिहून ठेवायची. वही भरत आली होती. स्टुडिओचा मालक विश्वेश तिला हात जोडून सांगायचा की बाई, लोक मारामारी बघायला येतात, कारणं बघायला नाही. ती म्हणायची, मारामारीत मजा कधी येते, का मारतोय ते कळलं की. ह्यावर विश्वेश चहा मागवायचा.

स्टुडिओ म्हणजे तरी काय, पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आवाज बाहेरून आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. त्या गाद्या रुखसारच्या अब्बांनी, शाहनवाज पिंजारींनी, चांदवडच्या त्यांच्या दुकानात स्वतः भरून पाठवल्या होत्या. तरी देवळातल्या घंटा आणि रिक्षांचे भोंगे आत यायचेच. एकदा घनदाट जंगलात खलनायक दबक्या पावलांनी चाललाय आणि मागून 'रामकुंड, रामकुंड, एक सीट' असं ऐकू येतंय, असा पिक्चर थेट चॅनेलपर्यंत जाऊन परत आला होता.

ह्या वेळी मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवीन पिक्चर डब करून चॅनेलला पाठवला होता. त्यांनी तो वीस लोकांना बसवून दाखवला आणि कळवलं की एका प्रसंगाला सगळे हसतात. प्रसंग हसायचा नाही. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा. झाला तर पुढचे बारा पिक्चर तुमचे, नाही झाला तर मुंबईचा एक स्टुडिओ तयारच आहे. सोमवारी सकाळी विश्वेशने ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाला, हे काम गेलं तर मी खोल्यांना कुलूप लावतो, आता माझ्याच्यानं ओढवत नाही.  मराठी लिहून जगता येईल असं नाशिकमध्ये रुखसारला दुसरं काही माहीत नव्हतं, आणि मराठीसाठीच तर तिने एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं होतं.

प्रसंग असा होता. खलनायकाचा उजवा हात म्हणजे दत्तू. मूळ नाव काहीतरी लांबलचक, विश्वेशने त्याचं दत्तू करून टाकलेलं. हा दत्तू तीन राज्यांतून हीरोचा माग काढत येतो. शेवटी एका एसटी स्टँडवर त्याला हीरो सापडतो. हीरो नळावर एका म्हातारीची कळशी भरून देतोय. दत्तू लांबून पिस्तूल उचलतो. बघतो. बघत राहतो. मग पिस्तूल खाली घेतो, वळतो, बाहेर जीपमध्ये बसलेल्या मालकाकडे जातो आणि मान हलवून सांगतो, नाही. जीप निघून जाते. बस्स. का सोडलं, ते पुढे शेवटपर्यंत कुणी विचारत नाही की सांगत नाही. लोक हसणार नाहीत तर काय करतील? रुखसारने पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं, 'दत्तू का सोडतो? असं कुणी करत नाही.' आणि खाली लाल रेघ ओढली होती.

आता डबिंगवाल्यांची एक युक्ती असते. पाठमोरा माणूस म्हणजे त्यांची दिवाळी. ओठ दिसत नाहीत ना, मग त्याच्या तोंडी वाटेल ते घाला, मूळ पिक्चरमध्ये तो काही बोलला असो वा नसो. दत्तू जीपशी जातो तेव्हा सहा सेकंद त्याची नुसती पाठ दिसते. म्हणजे दहा-बारा शब्द. तेवढ्यात कारण सांगायचं, तेही मालकाला संशय येणार नाही आणि बघणाऱ्याला कळेल असं.

मंगळवारचा सगळा दिवस ह्यात गेला. विश्वेशने सुचवलं की त्याच्या आईनं मला दूध पाजलंय असं म्हणू दे. रुखसार म्हणाली, मग मध्यंतराआधी ह्यानेच त्या आईचं घर का जाळलं? रेकॉर्डिंग करणारी तृप्ती म्हणाली, माझा मेलेला भाऊ असाच दिसायचा म्हणू दे. त्यावर रुखसार म्हणाली, तीन राज्यं हा त्याचा फोटो खिशात घेऊन फिरतोय, तेव्हा भाऊ आठवला नाही? धनराज नावाचा एक भला माणूस होता, जो एकटा नऊ गुंडांचे आवाज काढायचा. त्याने अगदी मनापासून सांगितलं की साहेब, गोळ्या संपल्या म्हणावं. ह्यावर सगळे हसले, रुखसारसुद्धा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

बुधवारी सकाळी विश्वेश वैतागला. तो म्हणाला, मग सोडतो असं म्हणूच नका, त्याला दिसलाच नाही म्हणा. नजर कमजोर आहे त्याची, संपला विषय.

"अहो, अर्ध्या तासापूर्वी हाच धावत्या जीपमधून झाडावरचा नारळ फोडतो," रुखसार म्हणाली. "लांबचं स्वच्छ दिसतं त्याला."

 तृप्तीने पुढचा प्रसंग लावू का म्हणून विचारलं, तिला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती उठली, पर्स घेतली आणि म्हणाली, मी चांदवडला जाऊन येते. विश्वेश कपाळाला हात लावून बसला.

आडगाव नाक्यावर तिने एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, तिचं कशाकडेच लक्ष नव्हतं. स्वतःच्याच आयुष्यातला एक प्रसंग ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होती, आणि त्यातली चूक तिला अकरा वर्षांत पहिल्यांदा दिसत होती.

अकरा वर्षांपूर्वी मालेगावच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. ठरवलं होतं थोरल्या अब्बांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या मोठ्या भावाने. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलायचं नाही, तिचे अब्बा तर नाहीच नाही. रुखसारला बारावीला मराठीत केंद्रात पहिला नंबर मिळाला होता आणि तिला नाशिकला बी.ए. करायचं होतं. ती आठ दिवस रडली, आणि नवव्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून आली. मैत्रिणीची मोठी बहीण सलिमाआपा नाशिकला नर्स होती, तिच्या खोलीवर राहायचं ठरलं होतं. पण आधी कॉलेज, कारण ॲडमिशनचा तो शेवटचा दिवस होता.

आणि त्या कॉलेजच्या फाटकात दुपारी तिला नजीरचाचा दिसले. चाचा म्हणजे अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त, चांदवडच्या कांदा मार्केटात मालाचं वजन करणारे मापारी. दर शुक्रवारी नमाज झाली की अब्बांच्या दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून बसायचे ते चहा दोनदा होईपर्यंत. त्यांना तिला परत न्यायला पाठवलंय हे सांगायला कुणी लागत नव्हतं.  चाचांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला होता. ते तिच्याच दिशेने बघत होते. मग ते वळले आणि चालू लागले. त्यांची पाठ रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी होती. अल्लाने ऐन वेळी चाचांना चष्मा काढायची बुद्धी दिली, त्यांना आपण दिसलोच नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पुढे मालेगावचं लग्न मोडलं, घरचा राग निवला, येणंजाणं सुरू झालं, तरी ती त्या कमजोर नजरेचेच उपकार मानत होती.

आणि कसली कमजोर नजर? चाचांची चाळिशी होती. ती लागते जवळचं वाचायला. यार्डात दहा हातांवरून काट्याचा आकडा सांगणारा माणूस तो, पावती लिहायची वेळ आली की मग खिशातून चष्मा काढायचा. हे तिने लहानपणी शंभरदा बघितलेलं. म्हणजे चष्मा काढला होता तो नीट दिसावं म्हणून. सगळ्या जगाला 'का' विचारणाऱ्या बाईने स्वतःच्या सुटकेचं कारण एकदाही तपासलं नव्हतं, आणि वर दत्तूच्या नावापुढे लाल शाईने लिहून मोकळी झाली होती की असं कुणी करत नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारच्या बाईने बरं नाही का म्हणून विचारलं.

नजीरचाचा आता घरीच असायचे. गुडघे पार गेलेले. ओट्यावर ऊन घेत बसले होते. तिला बघून खूष झाले, सुनेला चहा टाकायला सांगितला, नाशिकची हवा विचारली. रुखसारने चहा येण्याचीही वाट बघितली नाही.

"चाचा, त्या दिवशी कॉलेजात मी तुम्हाला दिसले होते?"

 चाचा म्हणाले, "दिसलीस ना. जांभळी ओढणी होती."

 का सोडलंत, ते तिला विचारवेना. मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. थोरले दारात ओरडत होते की पोरगी पळून गेली, धरून आणा. शाहनवाजने चाचांना बोलावून घेतलं आणि म्हणाला, तू जा. एका चिठ्ठीवर कॉलेजचं नाव लिहून दिलं. गाडीत बसल्यापासून चाचा मनात ठरवत होते की हात धरून आणायची, रडली तरी ऐकायचं नाही, दोस्ताच्या अब्रूचा प्रश्न आहे. फाटकात त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, वरच्या पाटीशी ताडून बघितली, मग चष्मा काढून आत बघितलं.

"पाव तास उभा होतो मी," चाचा म्हणाले. "चाळीस पोरी रांगेत. तू एका पोरीचा कागद भरून देत होतीस. तुझ्या मागच्या पोरी तुझ्या पुढं जात होत्या आन् तुला पत्ता नाय."

ती मुलगी हरसूलकडची होती, हे रुखसारला आठवलं. पहिल्यांदाच नाशिक बघत होती, फॉर्ममधले इंग्रजी शब्द बघून रडायला आली होती. रुखसारने तिच्याच पाठीवर कागद ठेवून तो भरला होता. ह्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"तीस वर्षं यार्डात काढली मी बेटा. कांदा घेऊन पळणारे बघितले, पैसा घेऊन पळणारे बघितले. पळणारं माणूस सारखं मागं बघतं. रांगेत तर उभंच राहत नाय. आन् रांगेत दुसऱ्याला पुढं जाऊ देणारं तर मी आजवर बघितलं नाय." चाचांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मला सांगितलं होतं, पळून गेलेली पोरगी आण. तिथं पळून गेलेली पोरगी नव्हतीच. शिकायला गेलेली होती. तिला आण म्हणून मला कुणी बोललं नव्हतं."

रुखसारच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. घरी येऊन काय सांगितलंत, असं तिने विचारलं. चाचा म्हणाले, जेवढं माप झालं तेवढं सांगितलं, जास्त नाय, कमी नाय. शाहनवाजपुढं उभा राहिलो आन् म्हटलं, पळून जाणारं मला कुणी दिसलं नाय. खोटं काही बोललो नाही, असं ते दोनदा म्हणाले. पण खरं तरी कुठं सांगितलं? जिवाभावाच्या माणसापासून एवढी गोष्ट लपवली, मग त्याच्या दुकानात कुठल्या तोंडानं जाऊन बसायचं? म्हणून शुक्रवारचं जाणं सोडलं. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात, चालवत नाय. आता तर खरंच चालवत नाय, असं म्हणून ते थोडं हसले.

हे मात्र रुखसारला अगदीच माहीत नव्हतं. चाचा दुकानात येईनासे झाले हे तिने ऐकलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. तिच्या बी.ए.ची, तिच्या एम.ए.ची, तिने लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची किंमत ह्या माणसाने आपली दोस्ती देऊन मोजली होती, आणि ती एकदा साधं आभार मानायलासुद्धा आली नव्हती. ती खाली पायरीवर बसली. म्हणाली, चाचा, तुमच्यामुळे मी आहे, मला हे अकरा वर्षं कळलं नाही, मला माफ करा. चाचांना काय करावं सुचेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा घे, चहा घे, असं म्हणत राहिले.

निघताना तिने त्यांना दत्तूची अडचण सांगितली आणि तुमचं वाक्य घेऊ का म्हणून विचारलं. चाचांना त्या सगळ्यातलं कळलं एवढंच की कुठल्या तरी गुंडाला नोकरीतून काढणार आहेत. ते म्हणाले घे, फक्त माझं नाव नको. रुखसार घरी न जाताच परतीच्या गाडीत बसली. अब्बांनी अचानक कशी आलीस म्हणून विचारलं असतं, तर तिला थाप मारता आली नसती.

गुरुवारी सकाळी तिने धनराजला माइकसमोर उभं केलं. वाक्य असं होतं, 'तुम्ही पळणारा शोधायला सांगितलं होतं, मालक. पळणारा मला कुणी दिसला नाही.' धनराजने ते आधी गुंडासारखं गरजून म्हटलं. रुखसार म्हणाली, नाही, तू मापारी आहेस असं समज, जे भरलं तेवढंच सांगतोयस. धनराजने समजल्यासारखी मान हलवली, आणि आश्चर्य म्हणजे त्याला खरंच समजलं होतं. पुढच्या खेपेला तो इतकं साधं बोलला की तृप्तीने काहीच न सांगता चित्र मागे नेलं आणि नळाजवळचा हीरो पुन्हा लावला. म्हातारीची कळशी भरतेय, मागून माणसं पुढे घुसतायत, आणि हा तिची कळशी दोन्ही हातांनी धरून उभा आहे. एकदाही मागे बघत नाही. तृप्ती म्हणाली, खरंच की, हा पळतच नव्हता. हे त्या पिक्चरमध्ये पहिल्यापासून होतं आणि बघितलं कुणीच नव्हतं, ज्याने पिक्चर काढला त्यानेही नसावं.

चॅनेलने पुन्हा वीस माणसं बसवली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. बारा पिक्चरांचं पत्र आलं त्या दिवशी विश्वेशने पेढे आणले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून तुला 'का-बाई' म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत तो ते विसरला. पण पेढ्याचा पहिला तुकडा हातात घेऊन रुखसार आतल्या खोलीत गेली आणि अब्बांच्या गाद्यांना डोकं टेकून बराच वेळ उभी राहिली. तिला एवढं बरं वाटत होतं आणि एवढं भरून आलं होतं की पेढा खायचा राहूनच गेला.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी पिक्चर लागला. संपल्यावर दहा मिनिटांत चांदवडहून फोन आला. अब्बा होते. ते तिचा प्रत्येक पिक्चर बघायचे आणि बघितल्यावर एवढंच कळवायचे की आवाज स्वच्छ होता. आज ते आवाजाबद्दल बोलले नाहीत.

"रुखसार, ते दत्तूचं वाक्य तुझं नाय," ते म्हणाले. "ते नजीरचं हाय."

तिचं धाबं दणाणलं. ते वाक्य जगात आणखी एका माणसाने ऐकलेलं होतं आणि तो माणूस टीव्हीपुढे बसणार होता, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. ती घाईघाईने बोलू लागली, की चाचांवर रागावू नका, दोष सगळा माझा, ते खोटं बोलले नाहीत. अब्बांनी तिला बोलू दिलं. मग म्हणाले की रागावू कशाला, मला तर त्याच दिवशी समजलं होतं. नजीर नुसता 'दिसली नाय' म्हणाला असता तर मी घाबरून मेलो असतो, पोरगी गेली कुठं म्हणून. तो म्हणाला, पळून जाणारं कुणी दिसलं नाय. तीस वर्षं ज्याचं माप चुकलं नाही तो एक शब्द जास्तीचा घालतो, म्हणजे तू त्याला दिसलीस, धड आहेस आणि पळालेली नाहीस, एवढं मला कळलं. मग तो दुकानात यायचा बंद झाला. मला वाटलं, असल्या कामाला पाठवलं म्हणून माझ्यावर नाराज हाय. मी बी लाजेनं गेलो नाय. आता पिक्चर संपल्या संपल्या त्याच्या घरी आलोय. समोरच बसलाय. रडतोय वेडा.

मागून चाचांचा आवाज आला, मी नाही, तूच रडतोयस. रुखसार हसायला लागली आणि हसता हसता तिच्याही गालांवर पाणी आलं. आणि मग सवयीने तिच्या तोंडून आलंच, "अब्बा, पण तुम्ही चाचांनाच का पाठवलंत?"



"पेटीत तुझं मार्कशीट नव्हतं," अब्बा म्हणाले. "दागिने जागेवर होते. तू कुठं गेलीस ते मला सकाळीच कळलं. तुझे चारही चुलतभाऊ मोटारसायकली काढून दारात उभे होते, तासाभरात नाशिक गाठलं असतं पोरांनी. थोरल्यांपुढं मला कधी बोलता आलं नाय, त्या दिवशी बी नाय आलं. एवढंच बोललो की पोरं नकोत, नजीरला जाऊ द्या. गुडघे तेव्हा बी थोडे दुखायचेच त्याचे. ॲडमिशन किती वाजेपर्यंत असते ते मला माहीत नव्हतं, बेटा. म्हणून म्हटलं, एसटीनं जाऊ द्या."